‘थांबा’ म्हणणारा माणूस

फेब्रुवारी सरत आला की मला कारखान्यांतून फोन यायला लागतात. मी इंजिनिअर नव्हे. मराठी घेऊन बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण ४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन. १९६६ साली त्या तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना झाली आणि १९७२पासून तो दिवस देशभर पाळला जाऊ लागला. दिवसाचा पुढं सप्ताह झाला, सप्ताहात घोषवाक्यांची स्पर्धा आली, आणि स्पर्धा म्हटली की परीक्षक लागतो. मग शिरोलीतून, गोकुळ शिरगावातून, कागलच्या पंचतारांकित वसाहतीतून कुणीतरी म्हणतं, ‘सर, तुम्ही कवी आहात, एवढी शंभर घोषवाक्यं तपासून द्या.’

मी आनंदानं देतो. कामगारांनी लिहिलेल्या ओळी वाचायला मिळणं ही माझ्या दृष्टीनं चैनच आहे. ‘सुरक्षा’ या शब्दाला यमकं फार नाहीत. शिक्षा, परीक्षा, प्रतीक्षा, झालंच तर रिक्षा. शंभरातल्या साठ जणांची गाडी ‘रक्षा’वर येऊन थांबते. आता आपल्याकडं ‘रक्षा’चे अर्थ दोन. एक राखण, आणि दुसरा चितेची राख. ‘रक्षाविसर्जन’ हा शब्द कोल्हापूरच्या पेपरात रोज छापून येतो. ओळ लिहिणाऱ्याच्या मनात तो दुसरा अर्थ नसतो, पण वाचताना मला तो काही टाळता येत नाही.

पण आज मला घोषवाक्यांविषयी बोलायचं नाही. ती स्पर्धा भरवणाऱ्या माणसाविषयी बोलायचं आहे.

काही वर्षांपूर्वी अशाच एका कारखान्यात गेलो होतो. नाव सांगत नाही, सांगण्याचं कारणही नाही, कारण तसे कारखाने पुष्कळ आहेत. पस्तिशीतला तरुण. गळ्यातल्या ओळखपत्रावर लिहिलेलं ‘सेफ्टी ऑफिसर’. मी त्याच्या केबिनमध्ये दीड तास बसलो आणि त्या दीड तासात त्याचा फोन सतत वाजत होता. इचलकरंजीच्या रूटवरची कामगारांची बस बंद पडली. कँटीनमधला गॅस संपला. ठेकेदाराच्या बारा माणसांचे गेटपास व्हायचे होते. प्रदूषण मंडळाचा कुठला तरी फॉर्म आजच पाठवायचा होता. मागच्या भिंतीचा कॅमेरा दोन दिवस काही दाखवत नव्हता. आणि पुण्याहून गिऱ्हाईक कंपनीचे ऑडिटर यायचे होते. त्यांची हॉटेलची खोली, सकाळी गर्दीआधी अंबाबाईचं दर्शन, रात्री तांबडा-पांढरा, सगळं याच्याकडं. गंमत म्हणजे ते ऑडिटर यायचे होते कारखान्याची सुरक्षा तपासायला.

मी म्हटलं, ‘साहेब, तुमच्याकडं खाती तरी किती?’ तो हसून म्हणाला, ‘सर, मंत्रिमंडळात कुणालाच न दिलेली खाती मुख्यमंत्र्यांकडं राहतात ना, तशी माझ्याकडं आहेत.’ मग मी विचारलं, आज शॉपमध्ये फेरी कधी झाली? त्याचं हसू थोडं कमी झालं. ‘आज अजून नाही. काल पण राहून गेली.’

हा तरुण आळशी नव्हता, अडाणी नव्हता. सुरक्षेची पदविका त्यानं कर्ज काढून केली होती. टेबलावर हेल्मेट होतं, आणि हेल्मेटमध्ये बसच्या पावत्या ठेवल्या होत्या.

आपल्याकडं म्हण आहे, एक ना धड, भाराभर चिंध्या. पण इथं चिंध्या होतात त्या कुणाच्या, हे जरा बघायला हवं.

सुरक्षा अधिकारी हे पद आपल्या कायद्यात आलं १९७६ साली. १९४८च्या कारखाने अधिनियमात तेव्हा ‘४०-ब’ हे कलम घातलं गेलं. हजार किंवा जास्त कामगार असतील तिथं, किंवा जिथलं काम सरकारला विशेष धोक्याचं वाटेल तिथं, असा अधिकारी नेमायचा. महाराष्ट्रानं त्याचे नियम १९८२ साली केले. ते मी एकदा बैठक मारून वाचले. यंत्रांची आणि जागेची पाहणी करणं, प्रत्येक कामातला धोका आधी ओळखणं, अपघाताची चौकशी करणं, हातमोजे, चष्मे, बूट चांगल्या प्रतीचे आहेत की नाहीत ते बघणं, कामगारांना शिकवणं, अशी त्याची कामं त्यात आहेत. आणि एक अट अशी आहे, की जी वाचून मी पुन्हा मागं जाऊन वाचली. या अधिकाऱ्याच्या नेमून दिलेल्या कामाशी विसंगत असलेलं किंवा त्या कामाला बाधा आणणारं कुठलंही काम त्याला सांगायचं नाही, आणि त्याला करूही द्यायचं नाही.

‘करूही द्यायचं नाही’ म्हणजे तो बिचारा हौसेनं म्हणाला, ‘द्या, बसचंही मी बघतो’, तरी मालकानं नको म्हणायचं. नियम करणाऱ्यांना माणसाचा स्वभाव ठाऊक होता. चांगल्या माणसाला कामं चिकटतात, आणि तो नाही म्हणत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. शिवाय मुख्य सुरक्षा अधिकाऱ्याचा दर्जा वरिष्ठ अधिकाऱ्याचा असावा आणि त्यानं थेट कारखान्याच्या प्रमुखाच्या हाताखाली काम करावं, असंही त्यात आहे. म्हणजे मधल्या कुणाला त्याला गप्प बसवता येऊ नये.

वेळ पुरत नाही ही तक्रार खरी आहे. पण त्याहून मोठी अडचण दुसरीच आहे, आणि ती मी जवळून पाहिली आहे.

आमचे अब्बा उद्यमनगरात लेथवर होते. शाहू मिलच्या भोंग्यावर ज्या शहराची घड्याळं लागायची त्या शहरात मी वाढलो. उद्यमनगरातल्या जुन्या माणसांशी हात मिळवताना एखादं बोट कमी लागायचं, त्याचं आम्हा पोरांना नवल वाटत नसे. बी.ए. झाल्यावर, १९९३ साली, मला एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात कारकुनाची नोकरी लागली. आमच्या वरच्या टाइमकीपरना सगळे ‘भाऊ’ म्हणत. मस्टर, पगारपत्रक, ओव्हरटाइमचा हिशेब ही त्यांची कामं. त्यात ‘सेफ्टीचं पण तुम्हीच बघा’ म्हणून आणखी एक काम त्यांना दिलेलं. भाऊ देवमाणूस. कुणाची अर्ध्या दिवसाची रजा कापली गेली तर त्यांनाच झोप लागायची नाही.

प्रेसवर एक पोरगा होता, विशीतला. प्रेसचं गार्ड काढून ठेवलेलं होतं, कारण गार्ड लावलं की तासाला नग कमी पडतात. भाऊंनी ते पाहिलं होतं आणि फोरमनला सांगितलंही होतं. फोरमन म्हणाला, ‘भाऊ, आजचा माल जाऊ दे, मग लावतो.’ भाऊ परत टेबलाशी आले, कारण तो माल जाण्यासाठी रात्री किती माणसं थांबवायची त्याची यादी त्यांनाच करायची होती. संध्याकाळी त्या पोराची दोन बोटं पेरापासून गेली.

पुढची गोष्ट ऐका. कायदा असा आहे, की अपघातामुळं कामगार ४८ तास किंवा त्याहून जास्त वेळ काम करू शकला नाही, तर त्याची खबर कारखाना निरीक्षकाला द्यावी लागते. म्हणून तिसऱ्या दिवसाची वाट न बघता कंपनीची जीप त्या पोराच्या घरी गेली. त्याला आणून गेटजवळच्या बदामाच्या झाडाखाली बाकावर बसवलं. हाताला हे एवढं बँडेज. त्याचं कार्ड पंच झालं, मस्टरवर हजेरी लागली. आठ तास तो तिथं बसून होता. आणि त्याच्या समोर, गेटच्या आत, फळा होता: ‘अपघाताविना दिवस – ११२’. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉचमननं दोन पुसून तीन केला.

हुकूम भाऊंचा नव्हता, वरून आला होता. पण भाऊंच्या डाव्या ड्रॉवरमध्ये मस्टर होतं आणि उजव्या ड्रॉवरमध्ये अपघातांची नोंदवही. दोन्हींना किल्ली एकच. त्या दिवशी भाऊ डबा न उघडताच घरी घेऊन गेले.

तुम्ही म्हणाल, ही लबाडी झाली, यात कामांच्या सरमिसळीचा काय संबंध? संबंध असा, की नोंदवही दुसऱ्या कुणाच्या हातात असती, ज्याला त्या दिवशीच्या मालाचं आणि हजेरीचं काही देणंघेणं नव्हतं, तर निदान एक माणूस ‘हे चालणार नाही’ म्हणाला असता. नसता म्हणाला तरी, लबाडी करायला दोन माणसांना एकमेकांच्या तोंडाकडं बघावं लागलं असतं. खासबागेत कुस्ती लागली आणि पंचच लांग घालून उतरला, तर निकाल काय लागायचा? पंच प्रामाणिक आहे एवढं म्हणून भागत नाही. त्याला हौद्यात उतरवायचंच नसतं.

सुरक्षेचं काम म्हणजे शेवटी एकच शब्द योग्य वेळी उच्चारणं आहे: ‘थांबा.’ बाकीची सगळी खाती ‘चालू द्या’ म्हणणारी आहेत. बस चालू द्या, कँटीन चालू द्या, मशीन चालू द्या, माल जाऊ द्या. ज्याच्या तोंडी दिवसभर ‘चालू द्या’ आहे, त्याच्या तोंडून त्या एका क्षणी ‘थांबा’ निघायचं कसं?

आणि तो क्षण किती लहान असतो, ते फाउंड्रीत कळतं. आमच्या गल्लीत एक चाचा होते, आयुष्यभर भट्टीवर काम केलेले. मेल्टर. त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं होतं. भट्टीत लोखंडाचा रस असतो चौदाशे-पंधराशे अंशांचा. त्यात टाकायचं स्क्रॅप उघड्या अंगणात पडलेलं. आपल्याकडं पावसाळा कसा असतो ते तुम्हाला ठाऊक आहे. तोंड बंद झालेला एखादा पाइपचा तुकडा, जुना शॉकअॅब्सॉर्बर, एखादं दाबून चपटं केलेलं डबडं, त्याच्या पोटात अर्धा पेला पाणी राहिलेलं. ते रसात गेलं की पाण्याची वाफ होते, आणि वाफेला पाण्यापेक्षा सुमारे सोळाशे पट जागा लागते. तिला बाहेर पडायचं असतं, आणि वर रस असतो. ‘बेटा,’ चाचा म्हणाले होते, ‘वो पानी किसीको वक्त नहीं देता.’

म्हणून स्क्रॅप निवडणारा माणूस, ते कोरडं आहे का बघणारा माणूस, लॅडल नीट तापवली आहे का बघणारा माणूस, यांचं लक्ष दुसरीकडं असून चालत नाही. आणि या सगळ्यांचं लक्ष आहे की नाही हे ज्यानं बघायचं, त्याचं तर मुळीच नाही. आज दहा टन वितळवायचेच आहेत असं ज्याला सांगितलं आहे, त्यालाच ओलं स्क्रॅप परत पाठवायचा अधिकार दिला, तर तो अधिकार कागदावरच राहतो.

आपल्या गुऱ्हाळांवर हे शहाणपण जुनं आहे. काहिलीत रस उकळायला लागला की गुळव्या तिथून हलत नाही. चुलवाणात चिपाडं घालायला वेगळा माणूस, घाण्यात ऊस लावायला वेगळा. गुळव्याला कुणी म्हणत नाही, ‘जरा ट्रॅक्टरचं डिझेल बघून ये.’ म्हणालं तर गूळ करपेल, एवढं मालकाला कळतं. गुळासाठी जे कळतं ते माणसासाठी कळायला कायदा करावा लागला, आणि तोही पाळला जात नाही.

कोल्हापुरापुरतं बोललो. आता जरा लांब जाऊ. २ डिसेंबर १९८४च्या रात्री भोपाळला युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. आपण तो वायू लक्षात ठेवला, ती पहाट लक्षात ठेवली. पण त्याआधी तिथं काय काय घडत गेलं तेही वाचण्यासारखं आहे. कारखाना तोट्यात होता, खर्च कमी करायचा होता. त्या विभागात एका पाळीला बारा ऑपरेटर असायचे, ते सहावर आणले. रात्रपाळीचा देखभाल पर्यवेक्षक, म्हणजे मेंटेनन्स सुपरवायझर, हे पद तर दुर्घटनेच्या थोडेच दिवस आधी काढून टाकलं. त्याची कामं उरलेल्यांत वाटली गेली. पाइप धुताना पाणी टाकीकडं जाऊ नये म्हणून मध्ये एक पत्र्याची चकती घालायची असते. ती घातली आहे की नाही हे बघणं त्याच्याकडं होतं. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा जूनपासून बंदच होती. पाणी टाकीत नेमकं कसं गेलं यावर पुढं कंपनीनं बराच वाद घातला. पण एक गोष्ट त्या वादातही शिल्लक राहते. ज्याचं बघणं हेच काम होतं तो माणूस त्या रात्री तिथं नव्हता, आणि जे होते त्यांच्याकडं आपापली कामं होती.

भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाने अधिनियमात मोठी दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियांच्या उद्योगांची एक यादी कायद्याला जोडली गेली. त्या यादीत रासायनिक कारखाने असणार हे कुणालाही वाटेल. पण तिसऱ्या क्रमांकावर कोण आहे? फाउंड्री. मला हे कळलं तेव्हा मी दचकलो होतो. ज्याच्या जोरावर कोल्हापूर गेली कित्येक वर्षं ताठ मानेनं उभं आहे, तो आपला धंदा कायद्याच्या लेखी त्या यादीत तिसरा. त्याच दुरुस्तीनं कामगाराला एक हक्क दिला. जिवाला तातडीचा धोका आहे असं वाटलं तर त्यानं ते व्यवस्थापनाच्या आणि त्याच वेळी निरीक्षकाच्या नजरेला आणून द्यायचं. हा हक्क किती जणांना ठाऊक आहे, विचारून बघा.

आता, ‘हे अलीकडचं आहे, पूर्वी असं नव्हतं’ असं म्हणायची आपल्याला खोड आहे. पूर्वीही होतं. हिंदुस्थानातला पहिला कारखाने कायदा १८८१चा. शंभर किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यांना तो लागू होता. यंत्रांना कुंपण घाला, सात वर्षांखालची मुलं कामाला ठेवू नका, असं त्यात होतं. यावर देखरेख कोणी करायची? जिथं खास निरीक्षक नेमला नसेल तिथं जिल्ह्याच्या मॅजिस्ट्रेटनं. म्हणजे सारा, दुष्काळ, दंगे, कज्जे सांभाळून उरलेल्या वेळात त्यानं गिरणीच्या पट्ट्याला कुंपण आहे का ते बघायचं. तीन वर्षांनी नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत गिरणी कामगारांना एकत्र करून मागण्या मांडल्या, त्या काही उगाच नव्हेत. स्वतंत्र कारखाना निरीक्षक ही गोष्ट पुढं सावकाश, भांडून मिळाली. सरकारी खात्याला जे शिकायला इतकी वर्षं लागली, ते एखाद्या छोट्या कारखानदाराला एका दिवसात कळत नाही म्हणून मी फार रागावत नाही.

आणि छोट्या कारखानदाराची बाजूही आहेच. आपल्याकडं बऱ्याच फाउंड्री चाळीस, साठ, शंभर-दीडशे माणसांच्या. मालक बहुधा स्वतः कधीतरी लेथवर किंवा भट्टीवर काम केलेला. कास्टिंगला किलोमागं भाव मिळतो, आणि गिऱ्हाईक दर वर्षी तो कमी करून मागतं. विजेचं बिल भट्टीसारखंच तापलेलं. तो म्हणतो, पूर्ण पगार देऊन एक माणूस ठेवायचा, आणि तो काय करणार, तर नुसता फिरणार आणि नाही म्हणणार? मालकाच्या जागी बसून बघितलं तर हे खर्चिकच वाटतं. ज्या दिवशी अपघात झाला नाही त्या दिवशी सुरक्षा अधिकाऱ्यानं काय केलं, हे दाखवायला त्याच्याकडं काहीच नसतं. बसवाल्याकडं बस असते, कँटीनवाल्याकडं जेवण असतं. न घडलेल्या गोष्टीची पावती कशी फाडायची? म्हणून मग रिकामा दिसतो म्हणून त्याला आणखी एक काम मिळतं.

हजार कामगारांची जुनी अट आता बदलली आहे. २०२०ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहिता बाकीच्या तीन कामगार संहितांबरोबर २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात सुरक्षा अधिकारी नेमायचा आकडा साध्या कारखान्यात ५०० कामगारांवर आला, धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात २५०वर. बांधकामांवरही २५०, आणि खाणीत १००. हजारावरून अडीचशे, ही चांगलीच गोष्ट झाली. पण आत्ताच सांगितलेली चाळीस-साठ माणसांची फाउंड्री अडीचशेच्याही बाहेरच राहते. तिथं सुरक्षा कुणाकडं असणार? टाइमकीपरकडं, स्टोअरकीपरकडं, नाहीतर मालकाच्या मेहुण्याकडं. शिवाय एकाच आवारात तीन पाट्या लावून माणसं तीन नावांखाली वाटलेली मी पाहिली आहेत. भट्टी एकच असते, रस एकच असतो, पाट्या मात्र तीन.

मला यावर एक सुचतं. तज्ज्ञ म्हणून सांगत नाही, या गावचा माणूस म्हणून सांगतो. हा सहकाराचा जिल्हा. दूध आपण एकत्र घातलं, ऊस एकत्र गाळला. फाउंड्रीवाले वापरलेली वाळू पुन्हा कामाला आणण्यासाठी आणि मालाची तपासणी करण्यासाठी एकत्र आले. मग आठ-दहा छोट्या फाउंड्रींनी मिळून एक चांगला शिकलेला सुरक्षा अधिकारी का ठेवू नये? त्याचा पगार एका मालकानं न देता कारखानदारांच्या संघटनेनं द्यावा. इंजिनिअरिंग असोसिएशन आहे, शिरोलीची ‘स्मॅक’ आहे, गोकुळ शिरगावची ‘गोशिमा’ आहे. आठवड्यातून एक दिवस तो तुमच्या भट्टीवर येईल, पण त्या दिवशी त्याच्याकडं तुमची बस नसेल, तुमचं मस्टर नसेल. मुख्य म्हणजे ओलं स्क्रॅप बघून तो ‘थांबा’ म्हणाला तर त्याची नोकरी तुमच्या हातात नसेल. सात खाती सांभाळणाऱ्या रोजच्या माणसापेक्षा एक खातं असलेला आठवड्याचा माणूस मला बरा वाटतो. अर्थात उरलेले सहा दिवस कामगारांचंही लक्ष लागेल, आणि त्यांनी सांगितलेलं कुणीतरी लिहून घ्यावं लागेल.

ते कुठल्या भाषेत सांगतील, हा पुढचा प्रश्न. १९८२च्या त्या नियमांत सुरक्षा अधिकाऱ्याच्या पात्रतेत एक गोष्ट आहे, जी वाचून माझ्यातला कवी सुखावला होता. पदवी, अनुभव, सुरक्षेचा अभ्यासक्रम हे तर हवंच. पण बहुसंख्य कामगार जी भाषा बोलतात ती त्याला चांगली यायला हवी. तेव्हा कोल्हापुरात याचा अर्थ सरळ होता, मराठी. आज भट्टीवर आणि फेटलिंगला जाऊन कान द्या. भोजपुरी ऐकू येते, ओडिया ऐकू येते, झारखंडच्या पोरांच्या आपापसातल्या बोली ऐकू येतात. ‘रस’ आणि ‘मेटल’ हे दोन शब्द सगळ्यांचे, बाकी ज्याचं त्याला. आणि भिंतीवर? भिंतीवर मी निवडलेलं, पहिलं बक्षीस मिळालेलं मराठी घोषवाक्य, दोन फूट उंच अक्षरांत, यमकासकट.

सात खाती सांभाळणाऱ्या त्या तरुणाला मी हेही विचारलं होतं. तो म्हणाला, ‘ओडिया शिकायची फार इच्छा आहे, सर. रात्रपाळीच्या पोरांबरोबर रोज अर्धा तास बसलो तरी येईल. पण बस सुटल्याशिवाय मला निघता येत नाही, आणि बस सुटते तेव्हा ती पोरं भट्टीवर गेलेली असतात.’

श्रोतेहो, तुमच्या घरातलं कुणी कारखान्यात जात असेल, मुलगा, जावई, पुतण्या, तर आज रात्री जेवताना सहज विचारा, ‘तुमच्याकडं सेफ्टी कोण बघतं?’ त्यानं नाव सांगितलं, तर लगेच पुढचा प्रश्न विचारा, ‘आणि तो आणखी काय काय बघतो?’